मदत हवी आहे : ‘थेरडी’ हा शब्द कुठे मायेने वापरतात का?

मंडळी, ‘थेरडी’ शब्दाबद्दल माहिती हवी आहे. आज तो शिवीसारखाच वापरला जातो. पण मूळ बघा: संस्कृत ‘स्थविर’, पालीत ‘थेर’, स्त्रीलिंगी ‘थेरी’. थेरी म्हणजे ज्येष्ठ, मान्यवर बौद्ध भिक्खुणी. ‘थेरीगाथे’तल्या रचना त्यांच्याच. मराठीत येताना मागे ‘डी’ लागली आणि सगळा मान गेला! आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात सातवाहन राणी गौतमी बलश्रीला राजाची आई आणि राजाची आजी असं अभिमानाने म्हटलंय, म्हणून मला हे जास्तच खटकतं.

पंचवटीत आमच्या शेजारच्या आजी मेथी निवडता निवडता सहज म्हणतात, “मी थेरडी, मला कसली घाई?” त्यात कडवटपणा अजिबात नसतो.

सिन्नर, दिंडोरीकडे कुणाच्या घरी हा शब्द असा ऐकलाय का? जात्यावरच्या ओवीत आला असेल तर ओळ जशीच्या तशी लिहा, गावाचं नावही द्या. मालेगाव-बागलाणकडच्या अहिराणी बोलणाऱ्यांनीही सांगा, तुमच्याकडे ‘डोकरी’च म्हणतात की थेरडीही? घरातल्या वयस्कर बायकांना विचारून लिहिलंत तर फार बरं होईल.