क्रॉनमधून फाइल उतरत नाही

प्रश्न: टर्मिनलवर बिनचूक चालणारी कर्लची (इंटरनेटवरून फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची) आज्ञा क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनने ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीत) टाकली, की फाइल उतरतच नाही. नावात तारीख यावी म्हणून त्याच ओळीत टक्केचिन्हासह डेट ही आज्ञा वापरली आहे. चूक कुठे असावी?

उत्तर: त्या टक्केचिन्हातच. क्रॉनटॅबमध्ये बॅकस्लॅश (\) या चिन्हाविना आलेल्या पहिल्या टक्केचिन्हापाशी आज्ञा तुटते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून मिळतो. म्हणून प्रत्येक टक्केचिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, किंवा, मला अधिक पटते ते म्हणजे, सगळे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून तिचा पूर्ण पाथ द्या.

दुसरे उत्तर: कर्लला ‘फेल’ हा पर्यायही अवश्य द्या. एरवी सर्व्हरने ४०४ (‘सापडले नाही’) कळवले तरी त्रुटीचे पानच तुमच्या फाइलच्या नावाने साठवले जाते आणि एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा निकालाचा आकडा) ०, म्हणजे ‘सगळे ठीक’, असा येतो. या पर्यायाने तो २२, म्हणजे त्रुटीचा, येतो.

प्रश्नकर्ता: बॅकस्लॅश देताच फाइल उतरली. मनापासून आभार.