मदत हवी आहे: चार दारांच्या स्टँडर्ड हेराल्डचं मागचं दार (ठाणे)

नमस्कार मंडळी,

नौपाड्यात आमच्या मामांची १९७० ची स्टँडर्ड हेराल्ड गाडी आहे, चार दारांची. ९४८ सीसीचं इंजिन छान चालतं, चासी (खालचा सांगाडा) भक्कम आहे. अडलंय ते डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी. काचेच्या फटीतून पाणी आत झिरपत राहिलं आणि खालचा वीतभर पत्रा पार गेला. आतली चौकटही एका कोपऱ्यात कुजली आहे. बिजागऱ्या आणि कुलूप शाबूत आहेत. असं दार, किंवा निदान खालचा भाग धड असलेलं दार, कुठे मिळेल?

"इंग्लंडहून मागवा" हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, म्हणून आधीच लिहितो. आपली गाडी ज्या ब्रिटिश गाडीवरून केली, त्या ट्रायम्फ हेराल्डचं सामान तिकडे अजून मिळतं. आपल्या गाडीचं ते पुढे झुकून उघडणारं, मडगार्डांसकट एकसंध बॉनेटही त्याच घडणीचं. पण तिकडची सलून (बंद छताची) गाडी दोनच दारांची होती. चार दारांची हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने इथल्या गिऱ्हाइकासाठी काढली. त्यामुळे मागचं दार तिकडे मिळणारच नाही, आणि दोन दारांच्या गाडीचं दार लांब असल्याने आपल्या पुढच्या जागीही ते बसत नाही. जुन्या सामानाचे विक्रेते नुसतं "हेराल्डचं दार" म्हणून फोटो पाठवतात. फोटोवर विसंबून पैसे पाठवू नका, टेप लावून घेतलेली लांबी मागा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि शीळफाट्याच्या भंगार गोदामांत विचारून झालं. कुर्ल्यात फियाटचा पत्रा निघतो. साहजिकच आहे, फियाट इथे बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना तिथेच होता आणि त्यांच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावत होत्या. हेराल्ड म्हटलं की दुकानदार मान हलवतात.

आता नेमके प्रश्न. नंतर आलेली स्टँडर्ड गॅझेल हेराल्डवरूनच केलेली, तीही चार दारांची. तिचं मागचं दार हेराल्डला बसतं का? प्रत्यक्ष लावून पाहिलेल्यांनीच सांगावं, अंदाज नको. दुसरं, वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याकडे पत्रा ठोकून घडवणारा जुना डेंटर कुणाच्या माहितीत आहे का? आम्हाला भेटलेले सगळे पुट्टी भरून द्यायला तयार आहेत. आत ओल राहिली तर वरची पुट्टी दोन पावसाळेही टिकत नाही. मामा पंचाहत्तरीचे आहेत, त्यांना ही गाडी पुन्हा रस्त्यावर बघायची आहे. कामाचे योग्य पैसे द्यायला आम्ही तयार आहोत.

प्रतिसाद (ऐरोलीहून):

दादा, शोध मुंबईत का चाललाय? गाडी मद्रासची, सामानही तिकडेच साठलेलं असणार. चेन्नईत पुदुपेटला जुन्या गाड्यांच्या सामानाचा मोठा बाजार आहे, तिथे गॅझेल आणि हेराल्ड दोन्हींची विचारणा करा. जाताना उजव्या मागच्या दाराची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढून घ्या. पुठ्ठा उलटा केला की डाव्याचा साचा तयार. बिजागऱ्यांची भोकं आणि कुलपाची जागा त्यावर जरूर मारा, कारण लांबी जुळूनही दार तिथेच फसतं. बरोबर चुंबक ठेवा. खालच्या कडेला चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे.

दार नाहीच मिळालं तरी तुमचं फेकू नका. चौकटीचा कोपरा आधी करायचा, मग २० गेज जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून खालचा पट्टा घडवून जोडायचा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून मिगने (तारेच्या विजेवरच्या वेल्डिंगने) थोडं थोडं टाका मारत जायला सांगा. तळाची पाणी जायची भोकं पूर्वीच्याच जागी हवीत. रंगाच्या घाईत तीच बुजवली जातात आणि दार पुन्हा आतून सडतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार. भोकांचं कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच खाली जाऊन पाहिलं, डाव्या दाराची दोन्ही भोकं जुन्या रंगाने बंद आहेत. उजव्याची मोकळी आहेत, आणि तो पत्रा अजून ठणठणीत आहे. रविवारी पुठ्ठ्याचा साचा काढून मापं इथे टाकतो. चेन्नईला जाणारं कुणी असेल तर साचा बरोबर देईन. गॅझेलच्या दाराचा प्रश्न अजून उघडाच आहे, कृपया जाणकारांनी लिहावं.