'बहिणाबाईंची झेरॉक्स' म्हणे!

खोडवा: काल माझ्या कवितेखाली एका सद्गृहस्थांनी "बहिणाबाईंची झेरॉक्स" एवढंच टाकलं, वर त्याला ढीगभर लाईक. कविता ही:

किती धुतलं लुगडं
डाग केळीचा जाईना
माय म्हने, सोड पोरी
डागाले म्हन दागिना

आता लांबलचक ऐका. रावेरकडे आमचं घर, घड कापायच्या दिवसात चिकाने आईची सगळी लुगडी काळपट, सोडा लिंबू रॉकेल सगळं करून झालं. ही कविता बहिणाबाईंकडून नाही, आमच्या मोरीतून आलीय. अष्टाक्षरी काय त्यांच्या सातबाऱ्यावर आहे?

तापीकाठ: तो सद्गृहस्थ मीच. ताई, "माय म्हने" आलं, शेवटी शहाणपण आलं, अजून काय राहिलं? आणि राहता पुण्यात फ्लॅटमध्ये. शेवटचा घड कधी कापला?

मले_तुले: पुणं कशाला काढता भो. पाचवीत निबंधात 'मले' लिहिलं तर गुरुजींनी लाल गोल करून वर्गात वाचून दाखवलं, पोरं महिनाभर मला 'मले' म्हणून हाका मारायची. आणि 2018 पासून त्याच बोलीत गाणाऱ्या बाईंचं नाव विद्यापीठाला!

धुळेकर: खरंय. अहिराणी एवढी गोड, बहिणाबाईंनी...

तापीकाठ: अहिराणी??? बहिणाबाईंचं असोदा कुठे, धुळे कुठे. लेवा बोली ती.

धुळेकर: मन्हं काय चुकनं भो? मोजायला सगळा खानदेश, कौतुकाला फक्त जळगाव. श्रावणात कानबाईची गाणी ऐका एकदा. आम्ही 'मन्हा-तुन्हा' लिहिलं की म्हणता तळटीप द्या.

तापीकाठ: मग द्या ना तळटीप, हात दुखतात का?

केळीवाला: कविता झाली असेल तर केळीच्या भावाचं कोणी बोलेल का

निवृत्त_मास्तर: अरे थांबा. जात्यावरची ओवी बहिणाबाईंच्याही आधीची. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या लेकाने, सोपानदेवांनी जपलं आणि अत्र्यांनी उचलून धरलं म्हणून 1952 ला पुस्तक आलं. बाकीच्या बायांचं कोणी लिहून घेतलं? माझ्या आत्याच्या ओव्यांची कॅसेट होती, तिच्यावर मीच क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली. अजून आत्याच्या फोटोकडे नीट बघवत नाही.

तापीकाठ: कॅसेटचं वाईट वाटलं सर. पण ताई, खरं सांगा, 'दागिना' आई म्हणाली होती?

खोडवा: नाही. आई म्हणाली, "राहू दे, नई जात तो." दागिना माझा.

तापीकाठ: बघा! बहिणाबाई व्हायच्या नादात तेवढंच घुसलं. बाकी मोरी तुमचीच, मान्य. 'झेरॉक्स' मागे घेतो, 'उसनवारी' ठेवतो. खुश?

खोडवा: खुश कसली. दागिन्याशिवाय ती ओळ छंदात बसणार कशी?

निवृत्त_मास्तर: आईचं वाक्य मोजा. आठच आहेत.

खोडवा: ...हाव की. बघते रात्री. तापीकाठ, तुमच्यासाठी नाही हां.

धुळेकर: आणि अहिराणीचं काय ठरलं?