मदत हवी आहे: २००३ ची बोर्दो वाइन, लेकीच्या जन्मसालची. चांगलं साल की वाईट?

गारॉनकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

२००३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही फ्रान्समधल्या बोर्दो शहराला लागून असलेल्या मेरिन्याकला राहत होतो. माझी लेक त्याच महिन्यातली. तो उन्हाळा ज्यांनी तिकडे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. पहिला पंधरवडा पारा चाळिशीला भिडलेला, रात्रीही भिंती तापलेल्या, आणि आमच्या इमारतीत ना पंखा ना एसी. फ्रान्सभर त्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं दगावली, त्यांत म्हातारी आणि एकटी राहणारी फार. आमच्या शेजारच्या आजींची विचारपूस करायला मी दिवस भरत आलेले असतानाही दिवसातून दोनदा त्यांचं दार वाजवायचे, आणि त्या मलाच दटावून खुर्चीत बसवायच्या, मानेवर ओला टॉवेल ठेवायच्या.

तर या आजींनी २००६ मध्ये सहा बाटल्यांची पेटी दारात आणून ठेवली. मुलाच्या जन्मसालची वाइन राखून ठेवायची तिकडे रीत आहे. पोरगी मोठी झाली की तिच्यासोबत उघडा, म्हणाल्या. तीन बाटल्या सांतेस्तेफ गावच्या शातो मेनेच्या (शातो म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणारा मळा), तीन सेंतेमिलियाँ गावच्या एका लहानशा शातोच्या. २०१० मध्ये आम्ही दोन्हींतली एकेक उघडली होती. मेनेने कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड आवळलं. दुसरी मऊ, गोडसर, जेवण संपायच्या आत संपली. २०१२ ला पुण्याला परतताना कस्टमच्या माणशी दोन लिटरच्या सवलतीत दोघांच्या मिळून उरलेल्या चार बाटल्या बरोब्बर बसल्या.

आता गुन्हा कबूल करते. कोथरूडच्या घरात पहिले तीन उन्हाळे त्या माळ्यावर होत्या. दिवाळीच्या फराळाचे डबे, गौरीचे मुखवटे आणि बोर्दो, सगळं शेजारी शेजारी. मग भाच्याने छोटा वाइन कूलर दिला, तेव्हापासून १३ अंशांवर आडव्या आहेत.

लेक आता बावीस वर्षांची आहे आणि दिवाळीला घरी येतेय. पण हे साल नेमकं कसं, हेच मला कळेनासं झालंय. एका दुकानदाराने सांगितलं, "२००३? उकडलेलं साल, फेकून द्या." एका तक्त्यात त्याच सालाला ९५ गुण, त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात ८४. नवरा म्हणतो व्हिनेगर झालं असणार, कोशिंबिरीत घाल. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. कुणी जाणकार सांगेल का, सालाची प्रत ठरवतात तरी कशी? आणि माझ्या बाटल्यांबद्दल त्यातून काय समजायचं?

खवय्या_बोका

कोशिंबिरीत नको. मटणात घाला, मंद आचेवर दोन तास. पत्ता कळवा, मी येतो.

तळघर

ताई, बोक्याकडे लक्ष देऊ नका. आणि दुकानदाराकडेही.

तुमचा तक्ता बहुधा अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या नियतकालिकाचा असावा. त्यात २००३ ला पोयाक, सेंजुलियाँ, सांतेस्तेफ या पट्ट्याला ९५ आहेत आणि सेंतेमिलियाँशेजारच्या पोमरोलला ८४. दोन्ही ठिकाणं बोर्दोच, मधे जिरोंद खाडीचं पात्र. म्हणजे 'बोर्दोचं २००३ कसं' हा प्रश्न 'महाराष्ट्रात यंदा पाऊस कसा' असा आहे. कोकणात विचारताय की माणदेशात?

चांगलं साल कशाला म्हणायचं याचं तिकडे एक शास्त्रशुद्ध मोजमाप आहे. बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक दनी द्युबुर्दिय यांनी ते मांडलं, २०१६ मध्ये ते गेले. थोडक्यात असं: जूनमध्ये फुलोरा लवकर आणि एकदम यावा, म्हणजे सगळे मणी एका वयाचे. फळधारणा नीट व्हावी. जुलैत कोरड पडावी, म्हणजे मण्यांना रंग चढायच्या सुमारास वेलाची नवी वाढ थांबते आणि ताकद फळाकडे वळते. मग पिकायला ऊन हवं, पण भाजणारं नको. आणि तोडणीच्या वेळी पाऊस नको. २००३ सुरुवातीच्या परीक्षांत छान पास झालं आणि ऑगस्टात 'भाजणारं नको' या विषयात आपटलं. पांढऱ्या द्राक्षांची तोडणी ऑगस्टच्या मध्यालाच सुरू झाली होती, एरवी तिकडची माणसं तेव्हा सुट्टीवर असतात.

दुसरी गोष्ट. सालाचा निवाडा होतो कधी? तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपातच असताना. जगभरचे समीक्षक आणि व्यापारी बोर्दोला जमतात, पिंपातले नमुने चाखतात आणि गुण जाहीर करतात. बाटली भरायला अजून वर्ष-दीड वर्ष असतं. पाचवीच्या रात्री सटवाईने कपाळी लिहावं तसं. पुढे पोर कसंही निघो, लोक तेच आकडे घोकत बसतात.

२००३ तर भांडणाचंच साल. सेंतेमिलियाँच्या शातो पाव्हीच्या नमुन्याला पार्कर यांनी जवळपास पैकीच्या पैकी दिले, आणि ब्रिटनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२ देऊन 'हास्यास्पद' म्हटलं. २००४ चा तो वाद अजून निघतो. दोघांच्या जिभा पक्क्या, पेयही तेच. पण पिकलेपण, दाटपणा याला एकाने गुण मानलं, दुसरीने दोष. म्हणून ९५ दिसले की आधी विचारायचं, कुणाचे?

निफाडचा_नाना

वाइन पीत नाही, पण तीस वर्षं द्राक्षं लावतोय, म्हणून हात शिवशिवले.

असल्या उन्हात काय होतं सांगतो. पारा फार चढला की वेल पानांची भोकं मिटून घेतो आणि जीव धरून बसतो. काम बंद. बाहेरून मणी सुकतो, ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, वाढलेला दिसतो, आपल्याला वाटतं माल तयार. पण बी चावून बघा, हिरवंच. मण्याची साल तुरट, बी कडवट, आत नुसती साखर. आणि उन्हाने आंबटपणा जळतो तो वेगळाच. आमच्याकडे मार्चमध्ये उशिराच्या बागांना हे होतं. घडावरची पानं आधी काढून बसलेला माणूस तर मेलाच, मणी भाजून निघतो.

शंका एक. त्यांनी ठिबक का नाही चालवलं?

तळघर

नाना, तेव्हा ते चालवता येत नव्हतं. लेबलावर बोर्दो नाव लावायचं तर वेलींना पाणी देण्याची त्या काळी नियमानेच मनाई होती, जे वरून पडेल आणि जमीन धरून ठेवेल तेवढंच. म्हणून त्या साली सगळा खेळ मातीचा झाला. आणि पानांचं तुम्ही म्हणालात तेच तिकडे घडलं. थंड-ओल्या सालांच्या सवयीने ज्यांनी पानं विरळ केली त्यांचे घड भाजले. आंबटपणा इतका उतरला की एरवी त्या भागात न मिळणारी आम्ल घालायची परवानगी त्या वर्षी खास द्यावी लागली. २०२२ लाही तसाच कडक उन्हाळा होता, पण तोवर शहाणपण आलं होतं, वाइन पुष्कळ ताज्या उतरल्या.

आता ताईंच्या बाटल्या. सांतेस्तेफ म्हणजे मेदोक या जिरोंदच्या डाव्या काठच्या पट्ट्यातल्या नावाजलेल्या गावांत सगळ्यात उत्तरेचं, अगदी काठावर. नदी रुंद, हवा जरा गार, आणि गोट्यांच्या थराखाली चिकणमाती भरपूर. एरवीच्या सालांत ही माती गार म्हणून नावाजत नाही, २००३ मध्ये तिनेच ओल धरली. शिवाय तिथे कॅबर्ने सोव्हिन्याँ भरपूर. हे उशिरा पिकणारं वाण, सप्टेंबरपर्यंत वाट बघू शकतं. मोंरोज आणि कोस देस्तुर्नेल या तिथल्या दोन बड्या शातोंचं २००३ जगभर वाखाणलं गेलं, आणि तुमचं मेने मोंरोजला अगदी खेटून आहे.

सेंतेमिलियाँत मेर्लो जास्त. ते लवकर पिकतं, म्हणजे ऐन लाटेत सापडलं. चुनखडीच्या पठारावरच्या वेलींना खाली ओल मिळाली, तिथल्या काही वाइन उत्तम आहेत. पायथ्याच्या रेताड जमिनीवरचं मात्र बरंच शिजलं. तुमचं शातो कुठलं, वरचं की खालचं?

गारॉनकाठची

लेबलावर चित्र आहे त्यात मागे टेकडी दिसतेय. म्हणजे खालचंच म्हणायचं.

नाना, बी चावून बघायचं हे वाचून आजी आठवल्या. बाजारात द्राक्षं घेताना त्या असंच करायच्या, फळवाला वैतागायचा.

सरळ_माणूस

सणासुदीला दारू कशाला पण? आपल्याकडे पन्हं आहे, कोकम सरबत आहे.

खवय्या_बोका

दिवाळीत पन्हं? कैरी कुठून आणता?

उघडणी

साल, गाव झालं. पण बावीस वर्षांनी त्याहून मोठा प्रश्न बाटलीने काय सोसलं हा. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या दोन रस्त्यांनी जातात. न उघडता थोडं कळतं, पुढचं बघून सांगा.

बाटली उभी धरून उजेडात बघा, वाइन कुठवर आहे? मानेत असेल तर फारच छान. मान जिथे खांद्याला मिळते तिथवर असेल तरी या वयाला ठीक. खांद्याच्या मध्यावर किंवा खाली असेल तर हवा आत गेलीय. मग वरचं वेष्टन बघा. बूच बाहेर सरकून ते फुगलंय का? कडेने चिकट ओघळ आहे का? माळ्यावर तापून वाइन फुगते आणि बुचाला बाहेर ढकलते, त्याची ही खूण. शेवटी मानेमागे मोबाइलचा दिवा लावून रंग बघा. कडेला विटकरी छटा चालेल, वयाने येतेच. चहासारखा तपकिरी नको.

गारॉनकाठची

बघितलं. मेनेच्या दोन्ही मानेच्या बुडाशी, वेष्टन सपाट, ओघळ नाही. सेंतेमिलियाँची एक तशीच. दुसरी खांद्याच्या निम्म्यावर उतरलीय आणि वेष्टनाखाली काहीतरी काकवीसारखं वाळलंय. ही माळ्यावर बाहेरच्या बाजूला होती बहुतेक, पत्र्याला लागून.

उघडणी

मग ती पहिली बळी. आजच उघडा, दिवाळीची वाट नको. हरलात तरी तिचा वास नाकात बसेल, आणि दिवाळीत तुलना करायला तोच उपयोगी पडेल.

बाकीच्यांसाठी: दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू द्या. जुनं बूच स्क्रूने भुसा होतं. दोन पातळ पात्यांचा चिमटा मिळतो, 'आ-सो' म्हणतात, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी सारून पिळत काढायचं. हळू, एका धारेत ओता, गाळ मानेशी आला की थांबा. तासन्‌तास हवेला ठेवू नका, म्हातारं माणूस आहे, गप्पा मारता मारता पेंगतं. आणि 'खोलीच्या तापमानाला' याचा अर्थ पुण्याची खोली नव्हे. १७-१८ अंश. कूलरमधून काढून अर्ध्या तासात प्यायला घ्या.

गारॉनकाठची

पण चव कशी ओळखू? पुस्तकातलं सीडर, ग्रॅफाइट, कॅसिस मला कधी लागलंच नाही.

तळघर

लागायलाच हवं असं कुणी सांगितलं? आपल्या स्वयंपाकघरातले वास वापरा. वाइन जिवंत असेल तर जांभूळ, सुकं अंजीर, तंबाखूची पुडी, जुनं चामडं, पावसाळ्यातली लाकडी फळी, असलं काहीतरी येईल. तापून मेली असेल तर करपलेला जॅम, काकवी, नुसते मनुके. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब, त्यात तुमचा दोष नाही नि सालाचाही नाही. व्हिनेगर तर ओळखालच.

मग एक घोट तोंडात फिरवा. २०१० मध्ये जो तुरटपणा कच्च्या केळ्यासारखा होता तो आता विरघळून कातासारखा जिभेवर नुसता रेंगाळायला हवा. आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतंय का, हे मुख्य. पाणी सुटलं म्हणजे आंबटपणा शिल्लक आहे. २००३ मध्ये शंका होती ती त्याचीच. शेवटी मनात दहापर्यंत मोजा. चव अजून आहे?

गारॉनकाठची

अपडेट १. खांद्यावरची काल उघडली. काकवी. नवऱ्याने "सांगितलं होतं" असा चेहरा केला. बोका, मटणात घातली. रंग सुरेख आला, बाकी काही कळलं नाही.

गारॉनकाठची

अपडेट २, भाऊबीज. आधी सेंतेमिलियाँची दुसरी घेतली. काकवी नाही, पण थकलेली. पहिल्या घोटाला गोड, मग एकदम काही नाही, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. चारपर्यंत मोजलं. २०१० ला हीच किती आवडली होती!

मग मेने. आ-सोने बूच सबंध निघालं, मुलीनेच काढलं. रंग अजून गडद, कडेला विटकरी. मी नाक खुपसून जांभूळ शोधत बसले होते, तोवर ती म्हणाली, "आजीच्या शालींच्या कपाटाचा वास येतोय." आला. तुरटपणा होता पण आवळणारा नाही. तोंडाला पाणी सुटलं. नवरा कधी नव्हे तो गप्प होता, त्याने चौदापर्यंत मोजलं म्हणे, मी अकरावर सोडून दिलं. तासाभराने ग्लासात उरलेली आणखी उघडत गेली, मग हळूहळू मिटली.

शेजारच्या आजी २०१५ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलाला रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवला. त्याने उलट त्याच्या तळघरातला फोटो पाठवला. तीच पेटी, तेच साल, दोन बाटल्या शिल्लक. आईने स्वतःसाठीही घेतल्या होत्या, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता एक मेने उरलीय. लेक म्हणते तिच्या लग्नात उघडू. लग्नाचा तर अजून पत्ता नाही. थांबावं का?

उघडणी

ताई, तीन उन्हाळे माळ्यावर काढलेली बाटली आहे. लग्न ठरलं तर ठीक, नाहीतर पुढच्या ऑगस्टात वाढदिवसाला उघडा. त्या मुलाच्या तळघरातल्या दोन मात्र निवांत थांबतील.

खवय्या_बोका

मुलाचं तळघर कुठे आहे म्हणालात?