घरच्यांबद्दल आणि लहानपणाबद्दल इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गाडी अडते

सिडकोकर७:
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं स्पीकिंग, म्हणजे तोंडी भाग, तीन आठवड्यांवर आलंय. नोकरी, हवामान, प्रवास यावर बोलता येतं. पण 'घरी कोण कोण असतं' किंवा 'लहानपणीचा एखादा सण सांगा' म्हटलं की तोंडाला कुलूप. आत्या, मावशी, काकू सगळ्यांना 'आंट'च म्हणायचं का? चुलतभावाला 'कझन ब्रदर' म्हटलेलं चालतं का? 'आम्ही वाड्यात राहायचो, गंगेवर (म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर) पोहायला जायचो' हे तर दरवेळी 'वी वेअर गोइंग' असंच बाहेर पडतं. सणासाठी रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा खड्डा, ठरवलीय, तिला इंग्रजीत काय म्हणू?

गोदाकाठ:
आधी नाती. 'कझन ब्रदर' आपल्याकडे सर्रास चालतं, पण परीक्षेत नुसतं 'कझन' म्हणा. मुलगा की मुलगी ते पुढच्या वाक्यातल्या 'ही' किंवा 'शी'वरून कळतं. चुलत, मावस, मामे, आते सगळे त्याच एका शब्दात बसतात. आत्या-मावशीला 'आंट' पुरे. फरक सांगणं गरजेचं असेल तरच 'माय फादर्स सिस्टर' म्हणा. 'पॅटर्नल आंट' बोलताना सरकारी दाखल्यासारखं वाटतं.

नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघी 'सिस्टर-इन-लॉ'त मावतात. साडूला 'ब्रदर-इन-लॉ' चालतं. 'को-ब्रदर' भारताबाहेर कुणाला कळत नाही. खरी पंचाईत व्याह्यांची. त्यांना शब्दच नाही, 'माय डॉटर्स फादर-इन-लॉ' असं फोडून सांगावं लागतं. माहेरचंही तेच: 'माय पेरेंट्स होम'.

आता दोन चुका, ज्या आपल्या मराठीतून थेट उतरतात. 'आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण' याचं 'वी आर टू ब्रदर्स अँड वन सिस्टर' करू नका. आपण स्वतःला मोजतो, इंग्रजी मोजत नाही. तुम्ही भाऊ असाल तर 'आय हॅव वन ब्रदर अँड वन सिस्टर'. दुसरी चूक 'त्याची आई'ची. 'ची' कानात असल्यामुळे जीभ 'हर मदर'कडे वळते. इंग्रजीत आई कुणाची तेवढंच बघायचं. मुलाची असेल तर 'हिज मदर'. घाईत ही चूक भलेभले करतात.

तिसरी बारीक: 'एल्डर दॅन मी' नको. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर, पण तुलना आली की 'थ्री इयर्स ओल्डर दॅन मी'.

यचो_यची:
'राहायचो, जायचो' यासाठी इंग्रजीत तयार साचा आहे: 'यूज्ड टू' आणि पुढे मूळ क्रियापद. 'वी यूज्ड टू लिव्ह', 'वी यूज्ड टू स्विम'. बोलताना 'ड' ऐकू येत नाही, 'यूस्टू' असंच म्हणायचं. नकार आला की 'डिडंट यूज टू'. यात 'ॲम' घुसवलात तर अर्थच बदलतो: 'आय ॲम यूज्ड टू' म्हणजे 'मला सवय आहे', आणि त्याच्यापुढे 'स्विमिंग' येतं, 'स्विम' नाही.

पण दर वाक्यात 'यूज्ड टू' कंटाळवाणं होतं. पहिलं वाक्य त्याने उघडा, पुढच्या सवयी 'वुड'ने सांगा: 'आफ्टर स्कूल वी वुड गो डाउन टू द रिव्हर.' अट एकच, 'वुड' कृतीलाच लागतं. 'वी वुड हॅव अ बिग हाउस' चुकीचं, तिथे 'हॅड' किंवा 'यूज्ड टू हॅव'. आणि एकदाच घडलेली गोष्ट साध्या भूतकाळात: 'वन डे आय स्लिप्ड ऑन द स्टेप्स.' मराठीतही आपण एकदा पडलो तर 'पडायचो' म्हणत नाहीच.

'लहानाचा मोठा झालो'चं 'आय वॉज ग्रोन अप' करू नका. 'आय ग्रू अप इन पंचवटी'. आजीने सांभाळलं असेल तर 'माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप'.

तिवंधा_चौक:
रहाडीला शब्द शोधत बसू नका. नाव मराठीतच घ्या आणि लगेच एका वाक्यात उलगडा: 'अ रहाड इज अ लार्ज, डीप पिट इन द ओल्ड पार्ट ऑफ नाशिक.' मग पेशव्यांच्या काळातली, वर्षभर झाकलेली, होळीनंतर पाचव्या दिवशी उघडतात, रंगाचं पाणी भरतात, माणसं धप्पा (उडी) मारतात. सगळं साध्या वर्तमानकाळात, कारण हे आजही चालू आहे. त्यानंतर 'व्हेन आय वॉज अबाउट टेन' म्हणून भूतकाळात शिरा. हा सांधा नीट जुळला की अर्धं काम झालं.

विषयाचं कार्ड हातात आल्यावर तयारीला एकच मिनिट मिळतं, कागद-पेन्सिल देतात. बोलायचं एक ते दोन मिनिटं. कागदावर वाक्यं लिहू नका, पाचसहा शब्द पुरतात: माणूस, जागा, रंग, वास, शेवटी काय झालं. थंडगार पाणी, आठवडाभर न निघणारा रंग, घरी गेल्यावर आईची बोलणी, हे सांगता आलं तर दोन मिनिटं कमी पडतात.

गोदाकाठ:
वरच्यात भर: उत्तर पाठ करून जाऊ नका. परीक्षकाला लगेच कळतं, आणि त्याने मध्येच वेगळा प्रश्न टाकला की पुढचं सगळं विसरायला होतं. घटना ठरवा, वाक्यं नकोत.

सिडकोकर७:
खूपच उपयोगी. एक राहिलं. आजोबा वारले हे सांगताना 'एक्सपायर्ड' म्हणतो, ते बरोबर आहे का? आणि 'आमचं खूप जमायचं'?

यचो_यची:
'एक्सपायर्ड' औषधाच्या बाटलीला राहू द्या. 'माय ग्रँडफादर पास्ड अवे व्हेन आय वॉज ट्वेल्व्ह.' 'नो मोअर' हेही टाळा. जमायचं म्हणजे 'वी गॉट ऑन रिअली वेल' किंवा 'वी वेअर व्हेरी क्लोज'. जवळचा या अर्थाने त्याचा उच्चार 'क्लोस', शेवटी साधा 'स'. 'क्लोझ' म्हटलंत तर दार लावायचं क्रियापद होतं.