पाटी वाचता आली नाही तेव्हा

आपल्या बेळगावात पाटीवरनं काय काय होतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षर केवढं, ह्यात एक पिढी म्हातारी झाली. पण पाटी डोळ्यासमोर आहे आणि त्यातलं एक अक्षर लागत नाही, असं इथं सहसा होत नाही. कन्नडशी वैर असलेल्यालासुद्धा बसवरचं ‘खानापूर’ ओळखता येतं, आणि नाहीच आलं तर शेजारचा सांगतो, “अण्णा, ही नव्हे, मागची.”

म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सीमाभागातलं जे कुणी परक्या मुलखात हिंडून आलं असेल, त्यांनी लिहा. बघायच्या ठिकाणांची यादी आणि हॉटेलचे दर नकोत, ते कुठंही मिळतात. पाटी, बोली, नोट, जेवण, कुठंतरी अडलं असेल ना? ते सांगा. सुरुवात मीच करते.

शहापूर, बेळगाव

आम्ही चौघं श्रीलंकेला गेलो. मी, हे, नणंद आणि तिचे यजमान. बेळगावहून बेंगळूरला पोचायला अख्खी रात्र गेली, आणि तिथून परदेश दीड तासावर!

कोलंबोत बाहेर आलो तर समोर बस उभी. मी सवयीनं पाटी वाचायलाच लागले. गोल गोल अक्षरं, वर वळलेल्या शेपट्या. शाळेत दहावीपर्यंत कन्नड शिकलेली बाई मी, ओठ हलवत उभी राहिले. हे म्हणाले, “काय लिहिलंय?” म्हटलं, “थांबा की, लागायलंय.” कसलं लागतंय! ती सिंहली. एखाद्या लग्नात ओळखीचा चेहरा दिसावा, हाक मारावी आणि माणूस भलतंच निघावं, तसं झालं.

ही डोळ्याची गोष्ट. कानाची वेगळीच. दुसऱ्या दिवशी कँडीच्या बाजारात फळवाला मोजत होता: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. नणंद माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. भाताला ‘बत’ म्हणतात. दहाला ‘दहय’. सिंहली आपल्या मराठीच्याच कुळातली, फार पूर्वी समुद्रापलीकडं गेलेली. लिपीनं मात्र दक्षिणेचं वळण घेतलंय. दिसायला कन्नड आणि मोजायला मराठी, म्हणजे आमच्या गल्लीतली निम्मी घरं!

कँडीहून एल्लाला जाणारी आगगाडी सगळ्यांनाच माहीत असते, म्हणून डोंगरांचं वर्णन करत नाही. आमची फजिती सांगते. एका एजंटानं राखीव तिकिटं देतो म्हणून पैसे घेतले आणि तिकिटं निघाली आदल्या दिवसाची. मग साध्या डब्यात उभं राहून सहा-सात तास. नानूओयाच्या अलीकडं चहाच्या मळ्यातल्या बायका चढल्या. ह्या तमिळ. इंग्रजांनी ह्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना मळ्यांसाठी तमिळ मुलखातून नेलं होतं. नणंदेला घेरी आल्यासारखं झालं. माझ्या तोंडून आपोआप कन्नड निघालं, “नीरु, नीरु”. त्यातल्या एकीनं लगेच पाण्याची बाटली पुढं केली आणि सरकून जागा दिली. शाळेत ज्या कन्नडच्या तासाला मी मागच्या बाकावर पेंगायची, त्यानं असा हात दिला.

तिथं स्टेशनच्या पाटीवर तीन भाषा असतात. सिंहली, तमिळ, इंग्रजी. पण हे सहज झालेलं नाही. सिंहली हीच एकटी सरकारी भाषा, असा कायदा त्यांनी 1956 साली केला. आपल्याकडं 1956 च्या 1 नोव्हेंबरला काय झालं, ते मी कशाला सांगू. तमिळला राजभाषेचा दर्जा 1987 साली मिळाला, तोवर तिकडं युद्ध पेटलं होतं, आणि ते 2009 पर्यंत चाललं. आमच्या ह्यांनी तरुणपणी पाटीच्या मोर्चात चपला झिजवल्यात. अख्ख्या सहलीत त्यांनी एकच फोटो काढला, नानूओयाच्या पाटीचा. त्यात आम्ही कुणी नाही.

निपाणी

ताई, तुम्हाला निदान कन्नड तरी येतं. मला वाचायला मराठी सोडून काही येत नाही, आणि गेले कुठं, तर जॉर्जियाला! मुलगा तिबिलिसीत डॉक्टरकी शिकतोय. आमचा तंबाखूचा व्यापार, हंगामात यजमानांना हलता येत नाही, म्हणून एकटीच गेले. महिनाभर.

त्यांची अक्षरं तेहतीस. अगदी जिलब्या. मी मुलाला म्हटलं, हे तर आपल्या उताऱ्यासारखं दिसतंय! (आमच्या शेताचा उतारा कन्नडात येतो. सासऱ्यांना तो वाचून घ्यायला कुणाला तरी धरून आणावं लागायचं. म्हणजे न कळणारा कागद हातात धरायची सवय घरात होतीच.)

पहिल्याच सकाळी पोरगं कॉलेजला गेलं. जाताना सांगून गेलं, “खाली भट्टी आहे, पुरी आण. पुरीच म्हण, कळतं त्यांना.” मला वाटलं चेष्टा करतंय. गेले, म्हटलं, “पुरी.” बाईनं खाली वाकून, तंदुरीसारख्या मातीच्या खोल भट्टीच्या भिंतीला चिकटवलेला हातभर लांब, होडीसारखा पाव उपसून दिला. तिथं पावालाच पुरी म्हणतात! त्या भट्टीला ‘तोने’. मग रोज सकाळी मीच जायची. महिनाभरात एवढाच एक व्यवहार मी कुणाची मदत न घेता केला, पण रोज केला.

घरमालकीण माझ्याच वयाची. एकदा आमच्याकडं बसली होती आणि माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी कौतुकानं फोन तिच्यापुढं धरला, मुलाकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, “ह्याचा मामा.” तिनं हसून हात हलवला. दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन. ही आपण होऊन विचारते, “मामा?” मी जोरजोरात मान हलवली, “नाही नाही, मामा कालचा!” तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी पोरगं आलं आणि हसून हसून जमिनीवर लोळलं. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील. आई म्हणजे ‘देदा’. त्यानं जाऊन खुलासा केला, तेव्हा ती परत वर आली, मला मिठी मारली आणि एक ताट देऊन गेली. त्यात लोबियानी होती. पुरणपोळीच म्हणा, फक्त पुरण राजम्याचं आणि तिखटमिठाचं. गूळ नाही म्हणून पहिल्या घासाला जीभ जरा फसते.

तिथली मेट्रो 1966 ची, रशियाच्या अमलातली. जमिनीत इतकी खोल की सरकत्या जिन्यावर उभं राहिलं तर खालचं टोक दिसत नाही. मी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा एका म्हातारीनं न विचारता माझं कोपर धरलं आणि खालपर्यंत सोडलं नाही.

टिळकवाडी, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ

आम्ही टूर कंपनीबरोबर थायलंड केलं. पाटी वाचायची वेळच आली नाही, सगळीकडं पुढं झेंडा धरलेला माणूस. जेवायला रोज आमटी-भात. खोटं कशाला सांगू, मजा आली.

खानापूर

माझं उलटं झालं. नेपाळला गेलो, तिथं पाट्या देवनागरी. काठमांडूत उतरल्यापासून मी मोठमोठ्यानं वाचत सुटलो. चिया पसल, मासु पसल, भान्सा घर. पसल म्हणजे दुकान, हे दोन पाट्यांत कळलं. बरोबरचे दोस्त मला दुभाष्या समजायला लागले आणि मीही समजू दिलं.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. बसच्या तिकिटावर साल 2080. त्यांचं सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं, पण क्षणभर वाटलं की पोरंबाळं निवृत्त झाली असतील.

काठमांडूहून पोखरा दोनशे किलोमीटर, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. मधेच बस थांबली. पुढं फळी लावलेली, तीवर खडूनं ‘पहिरो’ असं लिहिलेलं. दोस्तांनी विचारलं. मी ठोकून दिलं, “पहारा. पोलीस तपासणी असणार, अर्धा तास.” चार तास बसलो. पहिरो म्हणजे दरड! आपल्या जांबोटी-चोर्ला घाटात पावसाळ्यात दरड बघत वाढलेला माणूस मी, समोर मातीचा ढीग दिसत होता तरी पाटीच वाचत बसलो. अक्षर कळत नसतं तर निदान खाली उतरून विचारलं असतं.

आणि पशुपतिनाथ. तिथले मुख्य पुजारी, भट्ट म्हणतात त्यांना, कर्नाटकातून नेमलेले असतात. मला आधी ठाऊक नव्हतं. गर्दीत मागं दोघं कन्नडात बोलत होते, मी वळून विचारलं, “याव ऊरु?” त्यातला एक देवळातलाच निघाला. “बेळगाव” म्हटल्यावर त्यानं कुंद्याची चौकशी केली. तिथं, बागमतीच्या काठावर! माझ्याकडं एक डबा होता, पोखऱ्यासाठी ठेवलेला. दिला.

उद्यमबाग, बेळगाव

फौंड्रीच्या कामासाठी व्हिएतनामला पंधरा दिवस होतो, हनोईच्या बाहेर. तिथली लिपी रोमन, त्यामुळं पहिल्या दिवशी निर्धास्त. पण अक्षरांच्या वर-खाली ठिपके, टोप्या, शेपट्या. हनोईकडच्या बोलीत सहा सूर आहेत, सूर चुकला की शब्दच दुसरा. ‘मा’ एका सुरात भूत, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात भाताचं रोप. कारखान्यात शेवटी सगळं हातवाऱ्यांवर आणि ड्रॉइंगवर चाललं. साच्यात रस ओतताना भाषा लागत नाही.

मी शाकाहारी. सकाळी टपरीवर जाऊन “चाय” म्हटलं की बाई मान डोलवायची आणि वाटीभर टोफू-भाजी पुढं ठेवायची. तीन दिवस. चौथ्या दिवशी दुभाष्यानं सांगितलं, त्यांच्या ‘चाय’चा अर्थच बिनमांसाचं जेवण. म्हणजे ज्यासाठी मी वणवण करत होतो, तेच नकळत मागत होतो, आणि ‘चहा कुठाय’ म्हणून चिडत होतो.

पाच लाखाची नोट ही तिथली सगळ्यात मोठी, आपले सतराशेच्या आसपास. आईला फोटो पाठवला, तिनं गल्लीभर दाखवला.

परतताना दोन दिवस काढून दा नांगकडून मी सनला गेलो. चंपा राजांची विटांची शिवमंदिरं, आत संस्कृत शिलालेख. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं काम केलंय, 2020 साली त्यांना अखंड दगडाचं एक शिवलिंग मिळालं. किल्ल्यातल्या कमल बस्तीचं दगडकाम बघितलेला माणूस विटांकडं जरा नाक मुरडतो, पण विटा इतक्या नेमक्या बसवल्यात की सांध्यात नख जात नाही. मी घालून बघितलं.

शहापूर, बेळगाव

खानापूरकर, कुंदा दिलात ते बरं केलंत. सगळं ह्यांना वाचून दाखवलं. पहिरोला खूप हसले. मग विचारतात, जॉर्जियात स्टेशनच्या पाटीवर भाषा किती? निपाणीच्या ताई, सांगा की.

निपाणी

दोन, ताई. जॉर्जियन आणि इंग्रजी. पण मला दोन्ही येत नाहीत, मुलाला फोन करून विचारलंय. तो म्हणतो, “आई, महिनाभर त्याच स्टेशनात उतरत होतीस की.”