ओढा ‘खोल’ करायचा की ‘भरून आणायचा’?

पाणवठा: आमच्या गायरानातल्या ओढ्याच्या कामाचा ठराव लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. मथळा ‘ओढ्याचे पुनरुज्जीवन’ आणि खाली कामाचं नाव ‘नाला खोलीकरण व सरळीकरण’. ओढा आधीच छातीइतका खचलाय, काठच्या बाभळीची मुळं हवेत लोंबतायत. त्याला आणखी खोल करणं हे पुनरुज्जीवन कसं? शिवाय ओढा, नाला आणि ओघळ यांत नेमका फरक काय?

मुरूम: आमच्याकडे उतरंड अशी: पावसाचं पाणी शेतातून वाहताना माती कापतं तो ओघळ, ओघळ माणूस उतरेल इतका खोल झाला की घळ, आणि ज्याला स्वतःचं पात्र, काठ आणि नाव असतं तो ओढा. ‘नाला’ कागदावरचा शब्द. शहरात त्याचा अर्थ गटार असाच झालाय. पुण्यात अजून ‘आंबिल ओढा’ म्हणतात, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घरांत शिरेपर्यंत किती जणांच्या लेखी तो ओढा होता?

कोकण्या: आमच्याकडे ओढा कोणी म्हणत नाही. वहाळ, नाहीतर डोंगरातून उड्या मारत येणारा पऱ्या.

सातबारा: एक कायद्याची बाजू. गायरान म्हणजे उताऱ्यावरचं ‘गुरचरण’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या-नाल्यांचे तळ, दुसऱ्या कोणाची मालकी नसेल तर, सरकारचेच. तेव्हा ठरावात ‘गावाच्या मालकीचा ओढा’ लिहू नका, ‘गावच्या हद्दीतील’ लिहा.

मुरूम: आता मूळ प्रश्न. खोलीकरण हा शब्द गाळाने भरलेल्या पात्राला शोभतो. तुमचा ओढा गाळाने भरलेला नाही, तो कापला गेलाय. वळणं काढून सरळ केला तर तेवढीच उंची उतरायला वाट आखूड होते, उतार वाढतो, पाणी जोरात धावतं आणि तळ आणखी खरवडतो. तळ जिथून एकदम खाली तुटतो ते कापलेलं तोंड दर पावसाळ्यात वरच्या अंगाला सरकतं. इथे हवाय अनघड दगडी बांध. ‘अनघड’ म्हणजे न घडवलेला, छिन्नी न लावलेला दगड. काय नेमका शब्द आहे! सरकारी मराठीत असे शब्द क्वचितच सापडतात.

बांधाची मधली बाजू दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवायची, म्हणजे पाणी मधून उतरतं. टोकं काठात चांगली आत घुसवायची. आमच्याकडे एका बांधात ही टोकं नुसती काठाला टेकवली होती. पहिल्याच वळिवात पाणी बाजूने गेलं आणि काठ हातभर आत खाल्ला, बांध मात्र जागच्या जागी! खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला की मधल्या जागेत माती बसते. याला आमचे म्हातारे ‘ओघळ भरून आली’ म्हणायचे. जखम भरून येते तसं.

शुद्धलेखन: ‘भरून आली’? वर तुम्हीच ‘तो ओघळ’ लिहिलंत.

मुरूम: पकडलंत. घामाचे ओघळ पुल्लिंगीच. पण शेतातली ‘ओघळ पडली’ हेही मी लहानपणापासून ऐकत आलोय. मला दोन्ही चालतात.

सातबारा: ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरमाथ्यापासून कामं करत खाली यायचं, हेही ठरावात घाला. वर डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर, नसतील तर खालचे बांध एकटे किती माती धरणार?

पाणवठा: सगळ्यांचे आभार. मसुदा असा केला: ‘गायरानातील ओढ्याची धूप थांबवून पात्र भरून आणणे.’ ग्रामसेवकांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, भाषा छान आहे, पण कामांच्या यादीत ‘भरून आणणे’ नावाचं कामच नाही. खोलीकरण आहे.